गुणतक्ता नंतर करा, आधी माणसं शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचं स्वयंसेवी मंडळ दरवर्षी चौघांचा गौरव करतं: दोन मोठी माणसं 'सेवा' या नावाखाली आणि दोन तरुण 'नेतृत्व' या नावाखाली. गेल्या वर्षीच्या समारंभानंतर तीन मुलं हळूहळू यायची बंद झाली. मोठ्यांमध्येही 'ठरलेल्यांनाच मिळतं' अशी कुजबुज सुरू झाली. यंदा निवडीचं काम तुमच्या गळ्यात पडलंय, म्हणून तुम्हाला गुणतक्त्याचा तयार नमुना हवाय. शिवाय तरुणांना रोख रक्कम द्यावी का, हेही तुम्ही विचारलंय.

मी 19 वर्षं अशा निवड समित्यांवर काम करते आहे. त्यातली बरीच वर्षं तरुणांच्या पुरस्कारांवर गेली. गुणतक्ता मी देईन, पण नुसता तो दिला तर तुमची अडचण आहे तिथेच राहील. समोर आलेल्या नावांना गुण देता येतात. जी नावं समोर आलीच नाहीत, त्यांचं काय करणार? 'ठरलेल्यांनाच मिळतं' असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा कोणी लबाडी केलेली नसते. समितीसमोर दरवर्षी तीच दहा-बारा नावं येतात, त्यातलं एक निवडलं जातं आणि बाहेरून ते ठरवून केल्यासारखं दिसतं. मुलं गेली त्याचं कारण वेगळं असावं. त्याकडे पुढे येते.

आधी एक कबुली. मी पुढे जे सांगते आहे ते तुमच्या मंडळाच्या आकारावर बरंचसं अवलंबून आहे. तीस-चाळीस माणसांचा गट असेल आणि सगळे एकमेकांना नावानिशी ओळखत असतील, तर अर्ज, छाननी, गुप्त समिती हा सगळा पसारा उगाचच होईल. तिथे एका संध्याकाळी बसून मोकळेपणाने बोलणंच बरं. दोनशेच्या वर माणसं असतील, वेगवेगळ्या गटांत विखुरलेली असतील, तर मात्र पद्धत लागतेच. तुमच्या प्रश्नावरून मंडळ दुसऱ्या प्रकारचं वाटतं, म्हणून मी ते धरून लिहिते. आणि तुमचे 'तरुण' अठराच्या आतले आहेत की बाहेरचे, यानेही बऱ्याच गोष्टी बदलतात.

आता नावं कुठून आणायची ते बघू. शिफारशीचा अर्ज ठेवला की तो कोण भरतं? ज्याला लिहायची सवय आहे तो. आणि कोणासाठी भरतं? जो बैठकीत बोलतो, फोटोत दिसतो, व्यासपीठावर सूत्रसंचालन करतो त्याच्यासाठी. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1968 मध्ये विज्ञानाच्या क्षेत्रात हेच दाखवून दिलं होतं. ज्याचं नाव आधीच झालेलं असतं, त्याच्याच पदरात त्याच तोडीच्या कामाचं जास्त श्रेय पडतं, आणि नाव नसलेल्याच्या वाट्याला कमी. त्याला त्यांनी मॅथ्यू परिणाम म्हटलं. ते नोबेल मिळवलेल्या शास्त्रज्ञांविषयी बोलत होते, पण आपल्या मंडळांत हेच रोज घडतं. एकदा सत्कार झाला की तोच माणूस पुढच्या सत्काराला आधी आठवतो.

त्यामुळे मी अर्जावरचा प्रश्नच बदलला. 'या पुरस्कारासाठी योग्य व्यक्ती कोण?' असं विचारलं की लोक मनातल्या मनात व्यासपीठ बघतात आणि त्यावर शोभेल असं माणूस सुचवतात. मी विचारते, 'गेल्या वर्षभरात तुमचं अडलेलं एखादं काम कोणामुळे सुटलं? काय झालं होतं ते सांगा.' आणि हा प्रश्न कार्यकर्त्यांना विचारून थांबत नाही. ज्यांच्यासाठी मंडळ काम करतं, त्यांना विचारते. लिहून मागत नाही. दोघंजण वही घेऊन जातात, समोर बसतात, ऐकतात आणि लिहून घेतात.

याचं एक उदाहरण सांगते, कारण माझी पद्धत त्यावरूनच बनली. एका संस्थेचं काम रुग्णांना चाकाची खुर्ची, वॉकर, उंच-खाली होणारा पलंग असं साहित्य काही दिवसांसाठी द्यायचं होतं. तिथल्या पुरस्कारासाठी सगळी नावं साहित्य मिळवून देणाऱ्यांची, देणग्या जमवणाऱ्यांची आली होती. माणसं चांगली होती, प्रश्नच नाही. मी एका बाईंकडे गेले. त्यांच्या नवऱ्यासाठी चाकाची खुर्ची नेली होती. त्यांना वरचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, 'नाव माहीत नाही हो. पण खुर्ची आली तेव्हा हँडलला एक चिठ्ठी बांधलेली होती. डावा ब्रेक जरा घट्ट लागतो, माणूस बसवायच्या आधी एकदा लावून बघा, असं लिहिलेलं होतं.' ती चिठ्ठी त्यांनी जपून ठेवली होती. औषधांच्या डब्यातून काढून दाखवली.

मग मी ती चिठ्ठी लिहिणाऱ्याला शोधलं. परत आलेली प्रत्येक खुर्ची साहित्याच्या खोलीत हा माणूस उलटी करायचा. चाकांच्या आसात केस आणि दोरे अडकतात, ते चिमट्याने ओढून काढायचा, ब्रेक तपासायचा, रबर झिजलं असेल तर वहीत नोंद करायचा आणि जे दुरुस्त होण्यासारखं नसेल ते चिठ्ठीवर लिहायचा. आठ वर्षं हे चाललेलं होतं. एकाही अर्जावर त्याचं नाव आलं नव्हतं, कारण अर्ज भरणारे त्या खोलीत जातच नसत. त्या वर्षी मानपत्रात आम्ही विशेषणं घातलीच नाहीत. ती चिठ्ठी जशीच्या तशी वाचली आणि तिच्यामागे काय काम होतं ते चार वाक्यांत सांगितलं. सभागृहात कोणी हललं नाही. पुढच्या वर्षी त्या खोलीत काम करायला दोन नवी माणसं आपणहून आली.

माझं सगळं म्हणणं खरं तर या चिठ्ठीत आहे. सत्कार करायचा म्हणजे कोणी काय केलं ते नीट बघायचं आणि बघितलेलं चारचौघांत खरंखुरं सांगायचं. मानचिन्ह, हार, टाळ्या, फोटो हे सगळं त्याच्या मागून येतं. बघण्याचं काम झालेलं नसेल तर कितीही मोठा समारंभ केला तरी सत्कारमूर्तीला आतून कळतं की हे कौतुक तोंडदेखलं आहे. आणि ज्यांच्याकडे कोणी बघितलंच नाही, त्यांना तर ते आधीच कळलेलं असतं.

तुम्ही 'सेवा' आणि 'नेतृत्व' असे दोन वेगळे पुरस्कार देता, हे चांगलं आहे. पण दोन्हींसाठी एकच तक्ता वापरू नका, कारण दोन्हींची कसोटी जवळजवळ उलटी आहे. सेवेसाठी मी विचारते, हा माणूस महिनाभर आला नाही तर कोणाचं काय अडेल? ज्याच्या नसण्याने कुठेतरी खड्डा पडतो, त्याची सेवा खरी. नेतृत्वासाठी मी विचारते, हा माणूस महिनाभर आला नाही तर काम चालू राहील का? राहत असेल तर त्याने इतरांना उभं केलं आहे. 'माझ्याशिवाय इथलं पान हलत नाही' असं ज्याच्याबद्दल बोललं जातं, त्याला सेवेचा पुरस्कार जरूर द्या, पण नेतृत्वाचा देताना थांबा.

हा विचार माझा एकटीचा नाही. रॉबर्ट ग्रीनलीफ नावाचे गृहस्थ अमेरिकेतल्या एका मोठ्या टेलिफोन कंपनीत आयुष्यभर काम करून निवृत्त झाले होते. सेवेतून येणाऱ्या नेतृत्वाविषयी त्यांनी 1970 मध्ये एक निबंध लिहिला. त्यांची कसोटी साधी होती: ज्यांची सेवा झाली ती माणसं वाढली का? ती अधिक शहाणी, अधिक स्वतंत्र झाली का, आणि पुढे स्वतः दुसऱ्यांच्या उपयोगी पडू लागली का? तरुणाची शिफारस आली की मी त्याच्या हाताखाली काम केलेल्या, त्याच्याहून लहान मुलाला गाठते आणि विचारते, 'वर्षाच्या सुरुवातीला तुला जमत नव्हतं आणि आता जमतं असं काय आहे?' उत्तर भरभर आलं तर माझं निम्मं काम झालं.

आता तुमची ती तीन मुलं. त्यांच्याबद्दल मला नक्की काही माहीत नाही, पण असं घडताना मी जवळून बघितलंय आणि त्यातली चूक माझी होती, म्हणून सांगते. पाच मुलांनी मिळून एक उपक्रम चालवला होता. वाचता न येणाऱ्या मोठ्या माणसांना त्यांची कागदपत्रं वाचून दाखवायची, अर्ज भरून द्यायचे. मुलं आलटून पालटून बसायची. त्यातली एक मुलगी, वय 16, बोलायला चुणचुणीत होती. समितीसमोर तीच आली आणि तिनेच सगळं सांगितलं. आम्ही 'उत्कृष्ट युवा नेतृत्व' तिला दिलं. मी त्याच्या बाजूने सगळ्यांत जोरात बोलले होते. समारंभ संपल्यावर खुर्च्या आवरताना बघितलं तर ती शेवटच्या रांगेत बसलेली होती. मानचिन्ह मांडीवर पालथं ठेवलेलं. मी जवळ गेले तर एवढंच म्हणाली, 'आता त्यांना तोंड कसं दाखवू?' बाकीचे चौघं तोवर निघून गेले होते. दोन महिन्यांत तो उपक्रम बंद पडला. वर्षभर नीट चाललेलं काम आम्ही गौरव करून मोडलं. ते मला अजून लागून राहिलंय.

तेव्हापासून माझा नियम आहे: मुलांनी मिळून केलेल्या कामाचा गौरव मिळूनच करायचा. कोणी म्हणतं, पुरस्कार एकालाच दिला की त्याला वजन येतं. पण जगातल्या सगळ्यांत वजनदार पुरस्कारातही तसं नाही. नोबेलचं एक पारितोषिक जास्तीत जास्त तिघांत विभागता येतं, आणि शांततेचं तर संस्थेलाही देता येतं. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीला ते 1917, 1944 आणि 1963 असं तीनदा मिळालं. विज्ञानाच्या नोबेलमधल्या तिघांच्या मर्यादेवर तर कायम टीका होते, कारण आजचे मोठे शोध शेकडो जणांच्या हातून लागतात. आपल्यावर तशी कसलीच मर्यादा नाही. पाच जणांनी केलं असेल तर पाचही नावं मानपत्रावर घाला, आणि प्रत्येक नावापुढे त्याने काय केलं ते एका ओळीत लिहा. नुसती नावांची यादी पुरत नाही. आपण नेमकं काय केलं हे कोणीतरी ओळखलंय, हे ज्याचं त्याला दिसलं पाहिजे.

अठराच्या आतल्या मुलांसाठी मी त्याहून पुढे जाऊन सांगेन: चढाओढच ठेवू नका. ब्रिटनमध्ये 1956 साली ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कार सुरू झाला. तो सुरू करणारे प्रिन्स फिलिप, म्हणजेच ड्यूक ऑफ एडिंबरा, यांच्यामागे कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञांची कल्पना होती. कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पायऱ्या आहेत आणि सेवा हा त्यातला एक ठरलेला भाग आहे. तिथे कोणाला हरवून पुरस्कार मिळत नाही. प्रत्येकाने आपलं उद्दिष्ट ठरवायचं, ठरलेले महिने ते नेटाने करायचं. पूर्ण करेल त्या प्रत्येकाला तो मिळतो. आज ती योजना शंभराहून जास्त देशांत पोचली आहे. तुम्हीही असा एक उंबरठा ठरवू शकता, उदाहरणार्थ सहा महिने सलग, ठरलेल्या दिवशी, ठरलेलं काम. तो ओलांडणाऱ्या सगळ्यांचा गौरव करा. चार मुलं झाली तर चार, चौदा झाली तर चौदा.

पण इथे एक धोका आहे. 'हे केलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल' असं आधी सांगितल्याने काय होतं, यावर 1973 मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. स्टॅनफर्डच्या बालवाडीतली मुलं, ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडत होतं. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काहीच न सांगता, चित्र काढून झाल्यावर तेच दिलं. काहींना दिलंच नाही. नंतर मोकळ्या वेळेत कोण आपणहून चित्रं काढतं ते बघितलं. ज्यांना आधी कबूल केलं होतं ती मुलं इतरांच्या मानाने साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक मिळालेल्या मुलांची आवड मात्र तशीच राहिली होती. वय तीन ते पाच, म्हणजे तुमच्या तरुणांहून फारच लहान. तेव्हा तो निष्कर्ष जसाच्या तसा उचलू नका. पण कामाला सुरुवात करतानाच पुरस्काराची जाहिरात करू नये, हे मी त्यावरून पक्कं केलंय. उंबरठा मंडळाच्या वहीत असू द्या. मुलांना कामाबद्दल सांगा, मानचिन्हाबद्दल नको.

रोख रकमेचं उत्तरही याच वाटेवर मिळतं. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांनी 2000 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. इस्रायलमधली शाळेतली मुलं घरोघर जाऊन सामाजिक कामासाठी देणग्या गोळा करणार होती. एका गटाला फक्त कामाचं महत्त्व सांगितलं. दुसऱ्याला जमवलेल्या रकमेच्या 1 टक्का आणि तिसऱ्याला 10 टक्के मोबदला कबूल केला. तो देणग्यांतून नव्हे, वेगळा देणार होते. सगळ्यांत जास्त देणग्या कोणी जमवल्या? ज्यांना काहीच मिळणार नव्हतं त्यांनी. सगळ्यांत कमी 1 टक्क्याच्या गटाने. थोडेसे पैसे मधे आले की काम 'आपलं' राहत नाही, मजुरी होते, आणि मजुरी म्हणून बघितलं तर ती फारच कमी असते.

म्हणून सत्काराबरोबर रोख पाकीट देऊ नका, असंच मी सांगेन. पण तेवढ्यावर थांबले तर ते अन्यायाचं होईल. काही मुलं या कामासाठी पदरचे पैसे घालतात, प्रवासाचे, फोनचे, छापील कागदांचे, आणि ते सगळ्यांना परवडत नाही. तो खर्च आहे आणि तो वर्षभर, प्रत्येकाला, न मागता मिळाला पाहिजे. तो पुरस्कारात दडवून वर्षाकाठी एका मुलाला देणं चुकीचं आहे. हातात निधी असेल तर त्यांच्या उपक्रमाच्या पुढच्या वर्षासाठी द्या आणि कसा खर्च करायचा ते मुलांनाच ठरवू द्या. त्यांच्यावर टाकलेला हा विश्वास त्यांना बरोबर कळतो.

आता समितीविषयी. पाच जण पुरेत. एक गेल्या वर्षीच्या सत्कारमूर्तींपैकी, एक पंचवीसच्या आतला. त्या तरुणाला पूर्ण मत द्या, आणि बैठकीत पहिल्यांदा त्यालाच बोलू द्या. मोठी माणसं बोलून गेल्यावर लहान माणूस बहुधा मान डोलावतो. ज्याचं कोणी नात्यातलं किंवा रोजच्या कामातलं माणूस चर्चेत असेल, त्याने तेवढ्या वेळ खोलीबाहेर जायचं. नुसतं 'मी बोलणार नाही' म्हणणं पुरत नाही, कारण तो समोर असला की बाकीचेही बोलत नाहीत. प्रत्येकाने आपलं मत आधी घरी लिहून आणायचं, मग चर्चा.

आणि तुमचा गुणतक्ता. माझ्याकडे तीन प्रश्नांचा आहे. काय केलं, ते कोणी प्रत्यक्ष बघितलं? कोणाच्या आयुष्यात त्याने काय बदललं? ते करताना काय सोसलं किंवा सोडलं? प्रत्येकापुढे आकडा लिहायची जागा लहान आणि वाक्य लिहायची जागा मोठी. शेवटी आकड्यांची बेरीज करत नाही. ज्या नावापुढची वाक्यं भरीव आणि आकडे कमी असतील, ते नाव पुन्हा चर्चेला घेते. तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण दोन माणसांनी सारखंच काम केलेलं असलं तरी एकाकडे मोकळा वेळ असतो आणि दुसरी घरातल्या आजारी माणसाचं सगळं उरकून येते.

ज्यांची निवड झाली नाही त्यांची नावं बाहेर जाऊ देऊ नका. नोबेलच्या शिफारशी 50 वर्षं गुप्त ठेवतात. आपल्याकडे मात्र 'तुझंही नाव होतं बरं का' असं सांगून माणसाला बरं वाटेल असा समज असतो, आणि तो वर्षभर विचार करत राहतो की आपल्यात काय कमी पडलं. वहीत जमलेल्या चांगल्या गोष्टी मात्र वाया घालवायच्या नाहीत. मी त्या त्या माणसाला साधं पत्र पाठवते. त्यात पुरस्काराचा उल्लेख नसतो, फक्त 'अमुक एकांनी तुमच्याबद्दल हे सांगितलं' एवढंच असतं. बाईंनी चिठ्ठी जपून ठेवली होती ना, तशी ही पत्रं लोक जपतात.

जाहीर करण्याआधी परवानगी घ्या. हे फार जण विसरतात. व्यसनातून बाहेर येऊन इतरांना मदत करणारा एक माणूस आम्ही निवडला होता. त्याने हात जोडून नको म्हटलं. त्याच्या कामाच्या ठिकाणी ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती. आम्ही विचारलं नसतं तर त्याचा गौरव करता करता त्याची नोकरी घालवली असती. मुलांच्या बाबतीत पालकांना विचाराच, पण मुलालाही वेगळं, एकट्याला विचारा. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात दोन्ही गोष्टी आहेत: स्वतःविषयीच्या निर्णयात मत मांडायचा हक्क आणि खाजगीपणाचा हक्क. मुलाच्या घरच्या हलाखीची गोष्ट व्यासपीठावरून सांगून टाळ्या मिळवणं मला कधीच पटलेलं नाही. त्याला उद्या त्याच वर्गात बसायचं असतं.

मानपत्र लिहिताना मी एक चाचणी करते. नाव झाकायचं आणि मजकूर ओळखीच्या माणसाला वाचून दाखवायचा. त्याने 'हे अमक्याबद्दल आहे' असं लगेच ओळखलं तर मानपत्र जमलं. 'समाजसेवेचा वसा घेतलेलं, निःस्वार्थी, हसतमुख व्यक्तिमत्त्व' हे कोणालाही चिकटतं. तरुणांच्या मानपत्रात तर 'हुशार', 'जन्मजात नेता' असे शब्द आवर्जून टाळा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 मध्ये पाचवीतल्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. 'तू हुशार आहेस' असं कौतुक झालेली मुलं पुढे अवघड कोडी आली आणि चुकली तेव्हा लवकर खचली, आणि आपले गुण दुसऱ्याला सांगताना त्यातल्या बऱ्याच जणांनी वाढवून सांगितले. ज्यांच्या मेहनतीचं कौतुक झालं होतं ती टिकून राहिली. 'जन्मजात नेता' म्हटलेल्या मुलाला पुढच्या वेळी चुकायची सोयच राहत नाही. त्यापेक्षा 'पहिल्या तीन आठवड्यांत कोणीच आलं नाही, तरी ही दर शनिवारी टेबल मांडून बसली' असं लिहा. ते खरं आहे आणि तिला पुन्हा करता येण्यासारखं आहे.

समारंभाबद्दल फार लिहीत नाही, एवढंच सांगते. युनिसेफसाठी रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत, आणि त्यातली एक आहे मुलांना शोभेपुरतं वापरणं. आपल्या कार्यक्रमांत मुलं स्वागतगीत म्हणतात, तबक धरतात आणि दोन तास पाहुण्यांची भाषणं ऐकतात. ते उलटं करा. पाहुण्यांना पाच मिनिटं आणि मुलांना, त्यांची इच्छा असेल तर, मनोगताला भरपूर वेळ. मानचिन्ह पाहुण्यांच्या हस्ते देण्याऐवजी ज्याच्यासाठी काम झालं त्याच्या हस्ते द्या. त्या कागदपत्रं वाचून घेणाऱ्यांपैकी एखाद्या आजोबांनी त्या पाच मुलांच्या हातात मानपत्र दिलं असतं तर, हा विचार माझ्या मनात अनेकदा येऊन गेलाय. आणि सूत्रसंचालकाकडून प्रत्येक नावाचा उच्चार आदल्या दिवशी त्या त्या माणसासमोर म्हणून घ्या. सन्मानाच्या क्षणी नाव चुकलं की बाकीचं काही लक्षात राहत नाही.

तुम्ही यंदाची तयारी अर्ज छापण्यापासून सुरू करणार असाल तर थांबा. आधी त्या तीन मुलांकडे जा, एकेकाकडे वेगळं, त्यांच्या सोयीच्या वेळी. परत या असं म्हणायला जाऊ नका आणि गेल्या वर्षीच्या निवडीचं समर्थनही करू नका. एवढंच विचारा, 'गेल्या वर्षी तू काय काय केलंस ते मला सांगशील? आमच्याकडून बघायचं राहून गेलं.' वही उघडी ठेवा आणि ती सांगतील तसं लिहून घ्या, तारखा आणि नावांसकट. लिहिलेलं त्यांना तिथेच वाचून दाखवा आणि काही चुकलं असेल तर दुरुस्त करू द्या.